शेवगावच्या संगणकाचे घड्याळ

प्रमाद हा शब्द आपल्या भाषेत अजून टिकून आहे. अप्रमाद मात्र जवळजवळ नाहीसा झाला. प्रमाद घडतो तेव्हा तो उघडा पडतो, त्याचा बोभाटा होतो, चौकशी होते. अप्रमाद म्हणजे न घडलेली चूक, आणि जे घडलेच नाही त्याची आठवण कोण ठेवणार? पाटाचे दार रोज पहाटे वेळेवर उघडणारा मनुष्य गावाला ज्ञात नसतो. ज्या दिवशी तो अंथरुणातून उठत नाही, त्या दिवशी त्याचे नाव सर्वांच्या तोंडी येते. प्राचीनांनी या गुणाला फार वरचे स्थान दिले होते. ज्या परंपरेत यशोधरा भिंगारदिवे यांचा जन्म झाला, तिच्यात तर शास्त्याचा, म्हणजे बुद्धाचा, अखेरचा उपदेश याच गुणाविषयीचा होता असे मानतात. हे मी त्यांना एकदा सांगितले, तेव्हा त्या म्हणाल्या, "सर, मला एवढंच माहितीय, एक दिवस कंटाळा केला की दुसऱ्या दिवशी दुप्पट काम पडतं."

त्यांच्या बोलण्यात बहुधा इतकेच तत्त्वज्ञान असे. आमची ओळख झाली तेव्हापासून त्या थकलेल्याच होत्या. त्या थकव्याची तक्रार नव्हती. एखाद्याला चष्मा असावा तसा तो त्यांना होता.

शेवगावात बियाण्यांच्या एका दुकानावर दोन खोल्या घेऊन त्या संगणकाचा वर्ग चालवीत. वडील रंभाजी जिनिंगमध्ये कापसाचे गठ्ठे वाहत. आई आक्काबाई दुसऱ्यांच्या शेतात खुरपणीला जात. मुलगी नगरला विज्ञानाची पदवीधर झाली, संगणकाची पदविका घेऊन पुण्यास दोन वर्षे नोकरीत राहिली, आणि आईसाठी परत आली. आक्काबाई पन्नाशीत प्रौढ शिक्षणाच्या वर्गात अक्षरे शिकल्या होत्या. आधी त्या एस.टी.च्या पाट्या वाचीत, मग औषधांच्या बाटल्या, मग ग्रंथालयातून आणलेली पुस्तके. असे सहा वर्षे चालले. पुढे काचबिंदूने दोन्ही डोळे नेले. "अक्षर वळखीचं झालं आन् डोळं परकं झालं," असे त्या म्हणत.

कन्येने मातेसाठी मराठी मजकूर मोठ्याने वाचून दाखविणारे एक सॉफ्टवेअर लिहिले. पत्र्यावर बाजरी ओतावी तसा त्याचा आवाज होता, परंतु शब्द कळत. आक्काबाईंनी ते चार वर्षे ऐकले. त्या गेल्यावर कन्येने त्याला नाव दिले 'आक्का', आणि गावोगावच्या ग्रंथालयांनी मागितले तसे त्यांना दिले. शेवगाव आणि पाथर्डी या दोन तालुक्यांतल्या एकेचाळीस गावांत ते होते. या गावांतील लोक 'सॉफ्टवेअर सुरू करा' असे कधी म्हणत नसत. 'आक्का लावा' असे म्हणत.

माझी दृष्टी सत्तरीनंतर मंदावत गेली. नगरच्या सावेडीत माझ्या शेजारी राहणारी अश्विनी ही त्यांची जुनी विद्यार्थिनी; तिने माझ्या संगणकावर आक्का बसवून दिली, आणि त्या निमित्ताने माझे शेवगावला जाणे-येणे सुरू झाले. मी जन्मभर संस्कृत शिकविलेले, तेव्हा जोडाक्षरांचे उच्चार कोठे चुकतात ते ऐकून सांगणे, एवढेच माझे काम. पुढे जे लिहितो आहे त्यातले काही मी स्वतः ऐकले, काही अश्विनीकडून कळले.

आरंभी आक्का अशी होती की तिला चालविण्यासाठी त्या संगणकावर आधी दुसरे एक सॉफ्टवेअर बसवावे लागे. पाहुण्याला बोलावले तर त्याबरोबर त्याचा आचारीही आणावा लागावा, तसा तो प्रकार होता. आचारी जुना निघाला तर पाहुणा उपाशी. ग्रंथालयांचे संगणक कोणी तरी टाकून दिलेले, इंटरनेट नाही, आणि गावात ते दुरुस्त करणारे कोणी नाही. म्हणून यशोधराबाईंनी तीन वर्षे खपून आक्काला थेट यंत्राच्या स्वतःच्या भाषेत उतरविले. आता ती एकच फाइल होती. पेनड्राइव्हवरून ती संगणकावर ठेवावी, दोनदा दाबावे आणि ऐकावे. तिला दुसऱ्या कशाचीच गरज नसे.

अशी फाइल सिद्ध करण्याला त्या क्षेत्रातले लोक 'बिल्ड' म्हणतात. मनुष्याने लिहिलेले लेखन पुष्कळ तुकड्यांत असते. प्रत्येक तुकड्याचे यंत्रभाषेत रूपांतर करावयाचे, म्हणजे तो कंपाइल करावयाचा, आणि शेवटी सर्व तुकडे जोडून एक फाइल करावयाची. कोणता तुकडा आधी, कोणता नंतर, हे सारे सांगणारी आणखी एक फाइल असते. तिला बिल्डची फाइल म्हणू. ती कष्ट वाचवते. ज्या लेखनात बदल झालेला नाही ते ती पुन्हा कंपाइल करीत नाही, मागचाच तयार तुकडा घेते. बदल झाला की नाही हे ती तारखेवरून ठरविते. लेखनाची तारीख तयार तुकड्याच्या तारखेनंतरची असेल, तरच तो तुकडा नव्याने घडवावयाचा. वरणाची डाळ शिजलेली असली की शहाणी गृहिणी ती पुन्हा शिजवीत नाही, इतकेच ते शहाणपण आहे.

हे सारे यशोधराबाई खिडकीजवळच्या एका जुन्या संगणकावर करीत. तो २००९ सालचा होता. वर्गात नवे संगणक होते, पण आक्का त्यांवर कधी घडविली नाही. "गावातल्या कॉम्प्युटरवर चालायची असेल तर त्यांच्याच वयाच्या यंत्रावर जन्मली पाहिजे," असे त्या म्हणत. त्या संगणकाला इंटरनेटही जोडलेले नव्हते, कारण गावच्या संगणकांना नव्हते.

२०२३च्या उन्हाळ्यात त्यांची मूत्रपिंडे निकामी झाल्याचे निदान झाले. आठवड्यातून दोनदा डायलिसिससाठी नगरला यावे लागे. सकाळी एस.टी.ने यायचे, चार तास पडून राहायचे, आणि संध्याकाळी एस.टी.ने परत जायचे. वय बावन्न. मूत्रपिंड देण्यासारखे जवळचे कोणी नव्हते. परतीच्या गाडीत खिडकीला डोके टेकवून त्या झोपत आणि कंडक्टर त्यांना शेवगावला हलवून उठवी.

दवाखान्यातल्या खाटेवरून त्यांनी एके दिवशी अश्विनीला फोन केला. "आक्का माझ्या हातावर आहे, अश्विनी. माझे हात गेले की ती जागच्या जागी राहील. गावचा एखादा कॉम्प्युटर बदलला, काही दुरुस्ती लागली, तर कुणाला करताच येणार नाही. मी असेपर्यंत ती माझ्याशिवाय घडली पाहिजे. एकदा तरी. मला ते बघायचंय."

मरणापूर्वी त्यांना एवढेच हवे होते. दुसरे काही मागितल्याचे मला तरी स्मरत नाही.

त्यांनी एका वहीत सर्व विधी लिहून काढला. संगणक सुरू करण्यापासून फाइल पेनड्राइव्हवर घेईपर्यंत एकतीस पायऱ्या, सुवाच्य मराठीत. अश्विनी पुण्याच्या एका कंपनीचे काम सावेडीच्या घरी बसून करते. ती सुट्टीच्या दिवशी शेवगावला जाऊ लागली.

पहिली परीक्षा लवकरच आली. तिसगावच्या ग्रंथालयात बन्सी नावाचे एक गृहस्थ रोज येऊन आक्का ऐकत. पूर्वी ते वायरमन होते, शेतांवरच्या मोटारी जोडून देत. मधुमेहाने दृष्टी गेली. ग्रंथालय सांभाळणारे आबासाहेब त्यांचे बालमित्र. बन्सींची तक्रार अशी होती की वीज गेली की आक्का वाचता वाचता बंद पडे, आणि वीज आल्यावर पुन्हा पहिल्या पानापासून आरंभ करी. तिसगावात वीज दिवसातून किती वेळा जाते हे तिसगावकरांना विचारावे.

"पहिली तीस पानं मला कीर्तनकारावानी पाठ हायेत," ते फोनवर म्हणाले. "एकतिसाव्या पानावर काय हाय ते छापखान्यालाच ठावं. आबाला म्हनलं तू वाचून दाव, तर त्यो घोरतो."

मागून आबासाहेबांचा आवाज आला, "घोरत न्हाई, मॅडम. ह्याला ऐकू कमी येतं, म्हनून त्याला तसं वाटतं."

आक्काने दर परिच्छेदाला आपली जागा लिहून ठेवावी आणि पुन्हा सुरू होताना तेथूनच उचलावे, अशी दुरुस्ती ठरली. यशोधराबाईंनी ती स्वतः केली नाही. "ही तू कर," त्या अश्विनीला म्हणाल्या. "मी दवाखान्यात असेन तेव्हा कर. वहीत बघून."

डिसेंबरातल्या एका शनिवारी अश्विनीने शेवगावच्या रिकाम्या खोलीत बसून ती दुरुस्ती लिहिली, एकतीस पायऱ्या क्रमाने पार पाडल्या, पडद्यावर 'सर्व तुकडे अद्ययावत आहेत, फाइल तयार आहे' असे उमटले, आणि परतीच्या वाटेवर तिसगावला थांबून ती फाइल तिने आबासाहेबांच्या संगणकावर ठेवली.

दुसऱ्या दिवशी बन्सींचा फोन. "पोरी, ही तर जुनीच आक्का हाय. लुगडंबी त्येच, रडगानंबी त्येच. लाईट गेली की पयलं पान."

तेथून पुढचे तीन आठवडे फार वाईट गेले. अश्विनीने आपले लेखन सावेडीच्या स्वतःच्या नव्या संगणकावर कंपाइल करून पाहिले; तेथे दुरुस्ती निर्दोष चालत होती. परंतु सावेडीत घडलेली फाइल तिसगावच्या जुन्या यंत्रावर उघडतच नसे. शेवगावात घडलेली उघडे, पण तिच्यात दुरुस्ती नसे. तिने दोनदा जाऊन एकतीस पायऱ्या पुन्हा केल्या. दोन्ही वेळा पडद्याने सर्व अद्ययावत असल्याचे सांगितले, आणि दोन्ही वेळा बन्सींनी पहिले पान ऐकले.

यशोधराबाईंनी अश्विनीचे लेखन ओळ न् ओळ वाचले. त्यात चूक नव्हती. चूक नसलेल्या फाइलीला हात लावायचा नाही हा त्यांचा नियम, म्हणून त्या इतर तुकड्यांत दोष शोधीत राहिल्या. डायलिसिसच्या दुसऱ्या दिवशी त्यांना तासभरच बसवे. मग डोळ्यांपुढे ओळी हलू लागत.

"सर, तो कॉम्प्युटर मॅडमचंच ऐकतो," अश्विनी मला म्हणाली. तिला हसायचे होते, पण तसे झाले नाही. "मॅडम काल म्हणाल्या, राहू दे. म्हणाल्या, काही गोष्टी माणसाबरोबरच जातात."

मी त्यांच्या तोंडून असे वाक्य पूर्वी ऐकले नव्हते.

जानेवारीतल्या एका रविवारी अश्विनी मला गाडीत घालून शेवगावला घेऊन गेली. तिचे म्हणणे, सरांनी जुनी आणि नवी अशा दोन्ही फाइली ऐकाव्यात. काही फरक कानाला लागला तर लागला. आम्ही साडेसातला पोचलो. खाली दुकानाचे दार अजून बंद होते. यशोधराबाई आदल्या दिवशी नगरहून परतलेल्या. त्यांनी चहा केला, आणि तो आमच्या हाती देण्यापूर्वी त्या मध्येच एकदा खुर्चीवर बसल्या. मग त्यांनी खिडकीजवळचा संगणक सुरू केला. मला तो नीट दिसत नव्हता. त्याच्या पंख्याची घरघर ऐकू येत होती.

आठ वाजता दूरच्या साखर कारखान्याचा भोंगा झाला. गळिताचे दिवस होते. भोंगा संपण्याच्या आत कळफलकावर पाच-सात टकटकी झाल्या. मला त्या ऐकू आल्या, आणि त्या मागे मी कितीदा ऐकल्या होत्या हेही तेव्हाच लक्षात आले.

"मॅडम, हे काय केलंत?" अश्विनीने विचारले.

"काय केलं?"

"आत्ता. काहीतरी टाइप केलंत."

"घड्याळ लावलं."

"कशाचं?"

"ह्याचंच. कॉम्प्युटरचं. रोज लावते भोंग्याला. त्याच्या आतला सेल धरत नाही. नवा टाकला, पण खाचच गंजलीय. बंद केला की झोपेतून उठल्यासारखा होतो, एक जानेवारी दोन हजार नऊ म्हणतो." त्या थांबल्या. "तू नाही लावलंस?"

मग खुर्ची सरकल्याचा आवाज झाला, आणि फाइलींची यादी उघडून अश्विनी हळू आवाजात तारखा वाचू लागली. तयार तुकड्याची तारीख गतवर्षीच्या ऑगस्टमधली होती. तिने लिहिलेल्या दुरुस्तीची तारीख होती एक जानेवारी २००९.

"दोन हजार नऊला तू सहावीत होतीस," यशोधराबाई म्हणाल्या. "हे तू तेव्हा कसं लिहिलंस?"

आता सर्व उघड होते. घड्याळ न लावता लिहिलेल्या दुरुस्तीवर यंत्राने जुन्या काळाचा शिक्का मारला. बिल्डच्या फाइलीने पाहिले की लेखन पंधरा वर्षांपूर्वीचे आहे आणि तुकडा ऑगस्टातला; म्हणजे तुकडा नवा, लेखन जुने, पुन्हा शिजविण्याचे कारण नाही. तिने प्रामाणिकपणे सांगितले की सर्व अद्ययावत आहे. सावेडीच्या संगणकाचे घड्याळ बरोबर होते, म्हणून तेथे सर्व नीट झाले.

"एकतीस पायऱ्या लिहिल्यात, मॅडम," अश्विनी म्हणाली, "आणि पहिलीच्या लगेच नंतरची राहिली."

"ती मला पायरी वाटलीच नाही गं. सकाळी उठून तोंड धुवा, असं वहीत कुणी लिहितं का? सात वर्षं रोज केलं. रोज. म्हणूनच सुचलं नाही."

त्या हसल्या नाहीत. मी त्यांच्या बाजूला बसलो होतो. त्यांचा श्वास जड झालेला ऐकू येत होता. जन्मभर ज्या गुणावर त्या उभ्या राहिल्या, त्यानेच त्यांची वाट अडविली होती. मनुष्य रोज न चुकता एखादे कर्म करतो आणि ते इतके आपलेसे होते की त्याला ते कर्म म्हणून दिसेनासे होते. मग ते शिष्याला सांगण्याचे राहते. आमच्या पाठशाळांत असे पुष्कळ झाले. गुरूने नित्य केलेले लिहिले गेले नाही, नैमित्तिक तेवढे पोथीत राहिले. पण हे विचार मला नंतर सुचले. त्या वेळी चहा निवत होता, एवढेच.

"सेल बदलू या," अश्विनी म्हणाली. "खाचेसकट. नगरला करून मिळेल."

"माझा बदलशील. एकेचाळीस गावांतले कोण बदलणार? उद्या कुणी तिसगावला बिल्ड केलं तर तिथलं घड्याळही असंच." त्यांनी वही मिटली. "हे वहीचं काम नाही. वही वाचणारा थकलेला असतो, पान सोडतो. हे बिल्डनंच विचारलं पाहिजे."

त्यानंतरचा महिना त्यांनी त्या कामात घातला. सलग बसणे होत नव्हते. कधी दहा ओळी, कधी दोन. बिल्डच्या फाइलीला त्यांनी नव्याने शिकविले. आरंभ करताना तिने आधी संगणकाची तारीख पाहावी; ती मागच्या बिल्डच्या तारखेच्या आधीची निघाली तर तेथेच थांबावे, आणि मराठीत सांगावे: 'घड्याळ लावा.' त्याशिवाय तिने तारखेवरून बदल ओळखणे सोडून द्यावे. दर खेपेला प्रत्येक तुकडा मुळापासून घडवावा. अश्विनी म्हणाली, अशाने सहा मिनिटे जास्त लागतील. "लागू देत," त्या म्हणाल्या. कंपाइल करणारे साधनही त्यांनी त्याच एका फोल्डरात घातले, म्हणजे कोठून काही आणावयास नको. एकतीस पायऱ्यांची एक कमांड झाली.

फेब्रुवारीच्या अखेरीस एका बुधवारी आम्ही तिसगावला गेलो. यशोधराबाईंनी अट घातली होती की बिल्ड आबासाहेबांनी करावी, तिसगावच्याच संगणकावर, आणि आपण वा अश्विनीने तोंड उघडू नये. आबासाहेब एका बोटाने टाइप करीत. ते घाबरले होते.

"मॅडम, माझ्याच्यानं हे बिघडलं तर?"

यशोधराबाई भिंतीकडेच्या बाकावर बसून राहिल्या. बन्सी काठी गुडघ्यांत धरून त्यांच्या शेजारी.

"आबा, दाब की," बन्सी म्हणाले. "न्हवरीवानी का लाजतो?"

आबासाहेबांनी अक्षरे शोधून शोधून ती एक कमांड लिहिली. दाबली. आणि लगेच म्हणाले, "अवो, हा तर म्हनतोय, घड्याळ लावा."

त्यांनी वळून बाकाकडे पाहिले.

"लावू का?"

"तुला सांगतंय त्ये, आमाला न्हाई," बन्सी म्हणाले.

आबासाहेबांनी मनगट वर केले, पुन्हा खाली घेतले. "मॅडम, बोलायचं न्हाई ठरलंय ते ठावं हाय. पर माझं घड्याळ धा मिन्टं पुढं असतंय, एस.टी. चुकू नये म्हनून. चालंल का?"

तेव्हा यशोधराबाई हसल्या. त्यांची अट त्यांनीच मोडली. "दहा मिनिटं चालतील, आबासाहेब. पंधरा वर्षं नाही चालत."

आबासाहेबांनी घड्याळ लावले आणि कमांड पुन्हा दिली. संगणकाचा पंखा घरघरू लागला. रस्त्यावरून पाथर्डीकडे जाणारे ट्रक जात होते. प्रत्येकाबरोबर खिडकीच्या काचा हलत. नऊ-दहा मिनिटांनी आबासाहेब म्हणाले, "झालं म्हनतोय." त्यांनी फाइल उघडली आणि आक्का वाचू लागली, पत्र्यावर बाजरी ओतीत. आम्ही दोन पाने ऐकली.

बन्सी उठले. "आता लाईट घालवायची का?"

"थांब, मी बंद करतो," आबासाहेब म्हणाले.

"जलमभर वायरमनगिरी केली. लाईट कशी घालवायची ते मला नको शिकवू." भिंत चाचपीत ते दारामागच्या बोर्डापर्यंत गेले आणि मुख्य बटण खाली ओढले. आक्का वाक्याच्या मध्यात तुटली. पंखाही थांबला. त्या शांततेत बन्सींनी मोठ्याने वीस आकडे मोजले, मग बटण वर केले.

संगणक सुरू होण्यास पुष्कळ वेळ लागला. आबासाहेबांनी दोनदा दाबले. आक्काने एक क्षण घेतला आणि जो परिच्छेद तुटला होता, त्याच्याच आरंभापासून उचलले.

बन्सी बोर्डापाशीच उभे राहून ऐकत होते. पान संपेपर्यंत ते हलले नाहीत. मग म्हणाले, "मॅडम, म्या आता एकतिसाव्या पानाला जातो. तुमी जावा घरी. लई दमल्याली दिसता."

"तुम्हाला कसं दिसलं?" यशोधराबाईंनी विचारले.

"आवाजात दिसतं."

परतताना त्या गाडीत मागच्या बाजूस झोपल्या. शेवगावला पोचल्यावर अश्विनीने त्यांना हलवून उठविले. वर चढताना त्या जिन्यात तीनदा थांबल्या. दारापाशी त्या अश्विनीला म्हणाल्या, "उद्या मी घड्याळ नाही लावणार." आणि खरोखरच लावले नाही. भोंगा झाला तेव्हा त्या झोपलेल्या होत्या, असे खालच्या दुकानदाराने नंतर सांगितले. त्या घरी असताना सात वर्षांत पहिल्यांदाच त्याला वरच्या मजल्यावर खुर्ची सरकल्याचा आवाज आला नाही.

पुढचे सहा महिने त्यांनी नवे काही लिहिले नाही. दवाखान्यात जात, येत. मी फोन करी तेव्हा त्या एखाद्या जोडाक्षराविषयी विचारीत, आणि मग गप्प राहत. फोन मात्र ठेवीत नसत. ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात नगरच्या दवाखान्यातच त्या गेल्या.

शेवगावच्या दोन खोल्यांत आता शिवणाचा वर्ग भरतो. खिडकीजवळचा संगणक सुरू होत नाही. एकतीस पायऱ्यांची वही अश्विनीकडे आहे. ती कोणाला लागत नाही. बिल्डची फाइल तिसगावच्या ग्रंथालयात आहे, दोनशे चौदा ओळींची. तिच्यातून आबासाहेबांनी यानंतर दोनदा आक्का घडविली आहे. बन्सी तिसरे पुस्तक ऐकत आहेत.